शिडाच्या कापडाचे गाव



फ्रान्स म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पॅरिस उभे राहते. राज्यक्रांती झाली ती पॅरिसला, नेपोलियन मिरवला तो पॅरिसला आणि चित्रकार उपाशी राहिले तेही पॅरिसलाच, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आज आम्ही आपणांस पॅरिसपासून फार दूर नेणार आहोत. फ्रान्सच्या पश्चिमेला अटलांटिक महासागरात घुसलेला एक भूभाग आहे. त्याला ब्रिटनी म्हणतात. १५३२ मध्ये फ्रान्सच्या राज्याला कायमचा जोडला जाईपर्यंत तो एका डयूकच्या अमलाखालचा निराळा मुलूख होता. तिथल्या पश्चिम भागातील जुनी भाषा फ्रेंचच्या कुळातली नसून इंग्लंडच्या शेजारच्या वेल्श भाषेची ती बहीण आहे. त्या मुलखाच्याही अगदी टोकाच्या जिल्ह्याचे नाव फिनिस्तेर, म्हणजे भूमीचा शेवट. ह्या जिल्ह्यात लोक्रोनान नावाचे सुमारे आठशे वस्तीचे खेडे आहे. त्या खेड्याचा आणि त्याच्या पंचक्रोशीचा इतिहास सांगावयाचे आम्ही योजले आहे.

लोक्रोनान पाहावयास दरवर्षी लोकांची रीघ लागते. दगडी चौक, दगडी घरे, दगडी मंदिर. कुठे सिमेंटचा ठिगळ नाही की पत्र्याची शेड नाही. १९७९ साली पडद्यावर आलेल्या 'टेस' ह्या चित्रपटात एकोणिसाव्या शतकातील इंग्लंड दाखवावयाचे होते, तेव्हा दिग्दर्शक रोमन पोलान्स्की ह्यांनी ह्याच गावात कॅमेरा लावला. पाहणारे म्हणतात, काळ इथे थांबला आहे. आमचा उभा जन्म कामगारांच्या संघटनेत गेला. त्यामुळे सुंदर इमारत दिसली की ती कोणत्या शैलीची, हा प्रश्न आमच्या मनात दुसरा येतो. पहिला प्रश्न असा येतो की, हिला पैसा कुठून आला आणि तो कोणाच्या हातांनी मिळवला? काळ आपण होऊन कुठेही थांबत नसतो. तो थांबलेला दिसला तर तिथे कोणाचा तरी धंदा बसला असला पाहिजे. लोक्रोनानला हा प्रश्न विचारावा. ते गाव मोठ्या मोकळेपणाने उत्तर देते.

प्रथम चौकात उभे राहू. मध्ये विहीर आहे. भोवती सतराव्या-अठराव्या शतकातील ग्रॅनाइटची दुमजली-तिमजली घरे आहेत. पूर्वेला संत रोनानचे मंदिर आहे. ते पंधराव्या शतकात बांधले गेले. त्याला लागून असलेल्या छोट्या मंदिरात संताची दगडी समाधी आहे. आतले प्रवचनाचे लाकडी व्यासपीठ १७०७ सालचे असून त्याच्यावर संताच्या चरित्रातील प्रसंग कोरले आहेत. आठशे माणसांच्या खेड्याला हे मंदिर फार मोठे आहे. एखाद्या शहराने अभिमानाने मिरवावे असे त्याचे अंग आहे. आता वर पाहा. मनोऱ्यावर पूर्वी उंच शिखर होते. वीज पडून ते कोसळले आणि पुन्हा उभे राहिले नाही. मंदिर बांधले तेव्हा गावात पैसा होता आणि शिखर पडले तेव्हा तो उरला नव्हता, एवढा हिशेब ह्या एका मनोऱ्यावरून लागतो.

तो पैसा शिडाच्या कापडाचा होता. वाफेचे इंजिन येण्यापूर्वी जहाज म्हणजे वाऱ्यावर चालणारे यंत्र. वारा फुकट मिळतो, परंतु तो धरून ठेवणारे कापड फुकट मिळत नाही. मोठ्या जहाजाला लागणारे कापड एकराच्या मापाने मोजावे इतके असे. ते जाड, घट्ट आणि खाऱ्या पाण्याला दाद न देणारे असावे लागे, आणि वादळात फाटले की पुन्हा नवे घ्यावे लागे. लोक्रोनानच्या परिसरातील दमट हवा आणि ओली जमीन ज्या झाडाच्या धाग्याला मानवते, ते झाड भांगेच्या जातीचे आहे. आपल्याकडे अंबाडीचा किंवा तागाचा वाख जसा काढतात तसाच त्याचाही काढतात. झाडे उपटावयाची, जुड्या बांधून ओढ्यात किंवा डबक्यात कुजत घालावयाच्या, मग वाळवून, झोडून, विंचरून धागा मोकळा करावयाचा. कुजणाऱ्या जुड्यांची दुर्गंधी कोसभर जाते आणि ते पाणी मासे मारते. त्यानंतर चुलीपाशी बसून बायका सूत कातीत, आणि घरोघरच्या मागांवर पुरुष ते विणीत. विणकर बहुधा शेतकरीही असे. शेत पोटाला पुरत नाही म्हणून माग, आणि मागाची मजुरी पुरत नाही म्हणून शेत, अशी ती दुहेरी वेठ होती.

विणलेले कापड गावात येई, तिथे त्याची मापे घेतली जात, त्याच्यावर शिक्का पडे आणि व्यापारी ते उचलीत. पंधराव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत हे कापड दूरदूरच्या बंदरांना जात होते. त्याची ख्याती किती होती, ह्याचा पुरावा शब्दकोशात सापडतो. इंग्रजीत जाड्याभरड्या कापडाला 'लॉक्रम' असा एक जुना शब्द आहे. तो लोक्रोनान ह्या ग्रामनामावरून आला. शेक्सपियरच्या 'कोरिओलेनस' नाटकात स्वयंपाकघरातल्या मोलकरणीच्या गळ्याभोवती हेच कापड आहे. विणणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नाही, पण त्याच्या गावाचे नाव परक्या भाषेत जाऊन मोलकरणीच्या गळ्यात पडले. १५०५ मध्ये ब्रिटनीची डचेस आणि फ्रान्सची राणी ॲन ही ह्या गावी यात्रेला आली, असे सांगतात. राण्या ओसाड गावी यात्रेला जात नाहीत. गाव तेव्हा भरात होते.

ह्या चौकात एक घर ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीचे म्हणून दाखवतात. ही कंपनी फ्रेंच होय. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर ह्याने ती १६६४ मध्ये स्थापन केली. ब्रिटनीच्या दक्षिण किनाऱ्यावर १६६६ पासून तिचे गोदीबंदर वसले आणि त्याला नाव पडले लोरियाँ, म्हणजे 'पूर्व दिशा'. तिची हिंदुस्थानातील पहिली वखार कुठे निघाली? आपल्या ओळखीच्या सुरतेत, १६६८ मध्ये. शिवाजीमहाराजांनी १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली तेव्हा फ्रेंचांची वखार तिथे होती. बखरींतून आणि वखारींच्या पत्रांतून आपण सुरतेचा इतिहास अनेकदा वाचला आहे. त्या वखारींना माल पोचविणारी जहाजे ज्या शिडांवर चालत, त्यांच्यामागे युरोपातल्या खेड्यांतील माग होते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. परतीच्या प्रवासात ही जहाजे काय भरून नेत? मसाले तर नेतच, आणि त्यांच्या जोडीला आपल्या देशातील विणकरांचे सुती कापड आणि रंगाऱ्यांचे छापील चीट. त्या चिटाने फ्रान्सच्या बाजारात एवढी धमाल उडवली की, तिथल्या कापडधंद्याच्या रक्षणासाठी सरकारने १६८६ मध्ये त्याच्यावर बंदी घातली आणि ती १७५९ पर्यंत चालली. एका टोकाचा विणकर शीड विणीत होता, दुसऱ्या टोकाचा विणकर त्या शिडावर चालणाऱ्या जहाजाच्या पोटात भरावयाचा माल विणीत होता. दोघांची कधी गाठ पडली नाही. दोघांच्या मध्ये कंपनी होती आणि चौकातली दगडी घरे अशाच मधल्या माणसांची आहेत.

मग विणकरांची घरे कुठे आहेत? चौकातून एक उताराची गल्ली खाली जाते. तिचे नाव र्यू मोआल. ही जुनी विणकरांची आणि कारागिरांची गल्ली. घरे इथेही दगडीच आहेत, पण ठेंगणी. गल्लीच्या शेवटी शुभवार्तेच्या मातेचे लहानसे देऊळ आहे. त्याच्या शेजारी झरा आहे आणि धुणे धुण्याचा दगडी हौद आहे. देवळाच्या खिडक्यांत विसाव्या शतकातील चित्रकार आल्फ्रेद मानेसिए ह्यांनी केलेली रंगीत काच आहे. चौकात येणाऱ्या प्रेक्षकांतील बरेच जण छायाचित्रे घेऊन तिथूनच परततात. आमची सूचना अशी की, लोक्रोनान पाहावयाचे असेल तर ते खालून वर पाहावे. हौदापाशी उभे राहावे, मग गल्ली चढावी आणि शेवटी चौकात यावे. म्हणजे कोणाच्या खांद्यावर कोण उभे आहे हे आपोआप कळते.

आता हा धंदा बसला कसा, ते पाहू. चौदाव्या लुईला युद्धांचा सोस होता. युद्धाला पैसा लागतो आणि राजाला तो कर बसवून मिळतो. १६७५ मध्ये अर्ज-दस्तऐवजांच्या मुद्रांकित कागदावर, तंबाखूवर आणि कथलाच्या भांड्यांवर नवे कर आले. शहरांतून दंगे उसळले आणि मग खेड्यापाड्यांतील शेतकरी उठले. त्यांच्या तांबड्या टोप्यांवरून ह्या उठावाला 'तांबड्या टोप्यांचे बंड' असेही म्हणतात. ९ जून १६७५ रोजी लोक्रोनानहून फार दूर नसलेल्या शातोलँ गावी शेतकऱ्यांनी राजाच्या प्रतिनिधीला, मार्की द ला कोस्त ह्याला घेरून जखमी केले. दक्षिणेच्या किनाऱ्यालगतच्या चौदा गावांनी मिळून आपल्या मागण्यांचा एक जाहीरनामाच केला. त्यात वेठबिगार आणि जमीनदाराचा धान्यहिस्सा बंद करावा अशी मागणी होती. फ्रेंच राज्यक्रांतीच्या एकशेचौदा वर्षे आधीची ही गोष्ट आहे. क्रांतीचा इतिहास शिकवताना ती सांगितली जात नाही.

बंड मोडले गेले. फाशीचे दोर झाडांना लटकले. एका शिक्षेची खूण आजही पाहावयास मिळते. ज्या गावांनी धोक्याची घंटा वाजवून लोक गोळा केले होते, त्यांतील काही देवळांचे घंटामनोरे प्रांताचा सुभेदार ड्यूक द शोल्न ह्याने उतरवले. दक्षिणेकडच्या लांबूर येथील देवळाचा मनोरा तेव्हापासून मुंडकेच उडवल्यासारखा उभा आहे. लोक्रोनानचे शिखर विजेने नेले आणि लांबूरचे सरकारी हुकुमाने. दोन्ही मनोरे लांबून सारखेच दिसतात. म्हणूनच वारशाची स्थळे पाहताना नुसते पाहून भागत नाही, विचारावे लागते.

लोक्रोनानच्या मागांचा अंत मात्र एका दिवसात झाला नाही. इंग्लंडशी युद्धे सुरू झाली आणि तिकडचा बाजार तुटला. राजाच्या आरमाराला कापड हवे होते, पण ते मोठ्या कारखान्यांतून, एका मापाने, ठरल्या वेळी हवे होते. आपापल्या झोपडीत बसून विणणारे विणकर तो पुरवठा करू शकत नव्हते. व्यापाऱ्यांनी आपले भांडवल दुसरीकडे नेले. भांडवलाला पाय असतात आणि मागाला ते नसतात. अठरावे शतक संपता संपता गावचा धंदा जवळजवळ संपला होता. चौकातल्या घरांना नवे मजले चढले नाहीत, जुनी पाडून नवी बांधावी असा कोणाला हव्यास राहिला नाही, कारण तशी ऐपतच राहिली नाही. दारिद्र्याने गाव जतन केले. आज ज्याला वारसा म्हणून डोक्यावर घेतात, तो पहिली शंभर-दीडशे वर्षे केवळ खर्च करावयाला पैसा नसल्यामुळे टिकला.

चौक सोडून आता डोंगराकडे चालू लागू. लोक्रोनानची खरी ओळख चौकात नसून 'त्रोमेनी' नावाच्या प्रदक्षिणेत आहे. ब्रेतॉन भाषेतील 'त्रो मिनिही' ह्या शब्दांचा हा अपभ्रंश. मिनिही म्हणजे धर्मस्थानाची अभयभूमी आणि त्रो म्हणजे फेरी. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी लहान फेरी निघते आणि दर सहा वर्षांनी मोठी. मोठी फेरी सुमारे बारा किलोमीटरची असते आणि तिच्यात बारा ठिकाणी थांबे असतात. वाटेवर चाळिसाहून अधिक पर्णकुट्या उभारून त्यांत आसपासच्या देवळांतील संतांच्या मूर्ती मांडतात. २०१९ मध्ये आणि नंतर २०२५ मध्ये ही मोठी फेरी झाली. पुढची २०३१ मध्ये यावयाची. ह्या मार्गाचा बराच भाग एरवी शेतांत बुडालेला असतो. फेरीच्या वर्षी तो पिकांतून मोकळा करतात. जमीन खाजगी, पण तिच्यावरून चालण्याचा हक्क सर्वांचा, असा हा शेकडो वर्षांचा अलिखित करार आहे. आमच्या मते ह्या गावातली सर्वांत जुनी इमारत म्हणजे ही वाट.

रोनान हा आयर्लंडहून आलेला तपस्वी. तो उपाशीपोटी रोज आपल्या अभयभूमीला फेरी घालीत असे, अशी कथा आहे. कथेत केबेन नावाची एक शेतकऱ्याची बायको आहे. नवरा शेतीचे काम टाकून साधूचे प्रवचन ऐकत बसतो, ह्याचा तिला संताप. तिने साधूवर मुलीला मारल्याचा आळ घेतला आणि तो खोटा ठरला. साधू वारला तेव्हा त्याचे शव बैलगाडीत ठेवून बैलांना मोकळे सोडले. केबेन हौदावर कपडे धूत होती. तिने हातातल्या धोपटण्याने एका बैलाचे शिंग मोडले. ते शिंग डोंगरमाथ्यावर जिथे पडले त्या जागेला आजही 'शिंगाची जागा' म्हणतात. कथेने केबेनला खलनायिका केले आहे, आणि तिचे वर्तन चांगले होते असे आम्हीही म्हणत नाही. पण काम अर्धे पडले आहे, हे त्या सबंध कथेत एकटीच ओळखते आणि संतकथेतही तिच्या हातात कामाचे हत्यार आहे, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

काही संशोधकांचे म्हणणे असे की, ही फेरी ख्रिस्ती धर्माहून जुनी असून बारा थांबे म्हणजे प्राचीन केल्ट लोकांच्या वर्षाचे बारा महिने होत. ह्या तर्काला आधार देणारे एक नाव जवळच आहे. गावाच्या शेजारच्या अरण्याला नेवेचे रान म्हणतात. नेवे हा शब्द 'नेमेतोन' ह्या केल्ट शब्दावरून आला. त्याचा अर्थ देवराई. बीच आणि ओक वृक्षांचे हे रान पुढे नेवे घराण्याच्या सरदारांकडे गेले. १५-१६ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री जे चक्रीवादळ ब्रिटनीवर आले, त्याने ह्या मुलखातील राने आडवी केली. आज हे रान सार्वजनिक मालकीचे असून वाटसरूंना मोकळे आहे. देवराई, सरदाराची शिकार, मग सर्वांचे फिरण्याचे रान, अशी मालकीची तीन स्थित्यंतरे एका जागी दाखविणारे स्थळ कोणत्याही किल्ल्याहून कमी महत्त्वाचे नाही.

डोंगरमाथा २८९ मीटर उंच आहे. आपल्याकडे त्याला टेकडी म्हणतील. गॉर्स नावाच्या काटेरी झुडपांची पिवळी फुले आणि हेदरची जांभळी फुले ह्यांनी तो वर्षातला बराच काळ झाकलेला असतो. उत्तरेला ३३० मीटर उंचीचा मेने-होम दिसतो. त्याच्या पायथ्याच्या दिनेओ गावी १९१३ मध्ये शेतात काशाच्या देवतेचे मस्तक सापडले. ते आता रेन शहराच्या वस्तुसंग्रहालयात आहे. पश्चिमेला पोर्झेची सखल शेते आणि त्यांच्यापलीकडे दुआर्ननेचा उपसागर पसरलेला आहे. तिथवर जाणे आता भाग आहे, कारण ह्या पंचक्रोशीचा उरलेला अर्धा इतिहास पाण्याच्या कडेला आहे.

दुआर्नने लोक्रोनानहून सुमारे दहा किलोमीटरवर आहे. तिथे प्लोमार्क नावाच्या जागी, समुद्राच्या उतारावर, रोमन काळातील दगडी टाक्या आहेत. त्यांत मासे मिठात मुरवून त्यांचे कालवण करीत आणि ते साम्राज्यभर जाई. मासे टिकवून विकण्याचा धंदा ह्या गावी सुमारे दोन हजार वर्षांचा आहे. एकोणिसाव्या शतकात तेलात तळलेले सार्डीन मासे पत्र्याच्या डब्यात भरण्याचे कारखाने निघाले. पुरुष समुद्रावर आणि बायका कारखान्यात अशी विभागणी झाली. नाव केव्हा येईल त्याचा नेम नसे. ती आली की पोरे गल्लोगल्ली हाका घालीत आणि बायका डोक्याला पांढऱ्या टोप्या बांधून धावत. मासे थांबत नाहीत, म्हणून रात्र झाली तरी काम थांबत नसे. फ्रान्समध्ये १९१९ मध्ये आठ तासांचा कायदा झाला होता, पण तो ह्या कारखान्यांच्या दारातच अडखळला. बारा वर्षांच्या मुलीही कामावर असत. पूर्वी मजुरी हजार माशांवर मिळे. १९०५ मध्ये ह्याच बायकांनी संप करून ती तासावर आणली. १९२४ मध्ये तासाला ८० सांतीम, म्हणजे एका फ्रँकहूनही कमी मिळत होते.

२१ नोव्हेंबर १९२४ रोजी डबे बनविणाऱ्या कारखान्यात संप सुरू झाला आणि काही दिवसांत तो सगळ्या गावात पसरला. दोन हजारांहून अधिक कामगार बाहेर पडले आणि त्यांत सुमारे तीन-चतुर्थांश बायका होत्या. मागणी सव्वा फ्रँकची होती. ब्रेतॉन भाषेत त्यांची घोषणा होती, 'पेंप रेआल आ वो', म्हणजे 'पाच रेआल मिळतीलच'. पंचवीस सांतीमांचा एक रेआल. कचेरीची भाषा फ्रेंच आणि संपाची भाषा घरची, हे ध्यानात घ्यावे. गावचे नगराध्यक्ष दानियेल ल फ्लाँशेक कम्युनिस्ट होते आणि ते मिरवणुकीच्या पुढे चालत. मालकांनी पॅरिसहून संपफोडे आणले. १ जानेवारी १९२५ रोजी त्यांनी गोळ्या झाडून ल फ्लाँशेक ह्यांना जखमी केले. देशभर संताप उसळला आणि त्याच महिन्याच्या आरंभी मालक वाटाघाटीला आले. बायकांना तासाला एक फ्रँक मिळाला, रात्रीच्या कामाला जादा दर मिळाला, युनियनचा हक्क मान्य झाला आणि संपासाठी कोणाला काढावयाचे नाही असे ठरले. मागितले सव्वा आणि मिळाला एक. संघटनेत काम केलेल्या माणसाला हे आकडे पराभवाचे वाटणार नाहीत.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात जोझेफिन पेनकाले ह्या कामगार स्त्रीला मतदारांनी नगरपालिकेवर निवडून दिले. फ्रान्समध्ये स्त्रियांना तेव्हा मताचा अधिकारच नव्हता. म्हणून तिची निवड रद्द करण्यात आली. तो अधिकार मिळण्यास १९४४ साल उजाडावे लागले. त्याच १९४४ मध्ये ल फ्लाँशेक नाझींच्या बुखेनवाल्ड छावणीत मरण पावले.

आता एक योगायोग सांगतो. लोक्रोनानच्या चौकातील घरांना सरकारी संरक्षण मिळू लागले तेही १९२४ सालापासूनच. त्याचे श्रेय मुख्यतः गावचे नगराध्यक्ष शार्ल दानियेलू ह्यांना जाते. १९१२ पासून १९४४ पर्यंत ते त्या पदावर होते आणि पुढे व्यापारी जहाजांच्या खात्याचे मंत्रीही झाले. संगीताच्या अभ्यासकांना हे आडनाव परिचित असेल. काशीला राहून वीणा आणि हिंदुस्थानी संगीतशास्त्र शिकलेले, शिवशरण हे नाव घेतलेले आलँ दानियेलू (१९०७-१९९४) हे त्यांचेच चिरंजीव. शार्ल दानियेलू दूरदृष्टीचे गृहस्थ होते आणि त्यांनी गाव वाचविले, ह्यात वाद नाही. पण एकाच वर्षी, दहा किलोमीटरच्या अंतरात, दोन गोष्टी घडल्या. एका गावी मेलेल्या धंद्याच्या दगडांना कायद्याचे छत्र मिळाले. दुसऱ्या गावी चालू धंद्यातील हातांना मात्र वीस सांतीमांसाठी सहा आठवड्यांहून अधिक दिवस रस्त्यावर काढावे लागले. दगडांना संरक्षण देणे सोपे असते, ते पगारवाढ मागत नाहीत.

निसर्गाच्या बाबतीतही हेच घडताना दिसते. ह्या मुलखातील शेते पूर्वी लहान होती आणि त्यांच्या कडेला मातीचे उंच बांध होते. बांधांवर झाडे आणि बांधांमधून खोल गेलेल्या वाटा. ते बांध शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या खांद्यावर माती वाहून घातलेले होते. पावसाचे पाणी ते अडवीत आणि वारा मोडीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेते एकत्र करण्याची मोहीम निघाली आणि यंत्रांना वळावयास जागा हवी म्हणून हजारो किलोमीटर बांध सपाट झाले. त्यांच्या जागी मोठ्या पशुपालनाचा धंदा आला. फ्रान्समधील निम्म्याहून अधिक डुकरे आज ब्रिटनीत पोसली जातात. त्यांच्या मळाचे आणि खतांचे नायट्रेट ओढ्यांतून समुद्रात उतरते आणि दुआर्ननेच्या उपसागरासारख्या उथळ, संथ पाण्यात हिरवे शेवाळ माजते. ते किनाऱ्यावर येऊन कुजले की त्यातून विषारी वायू निघतो. ज्या ओढ्यांत एके काळी वाख कुजत असे, त्याच ओढ्यांची ही पुढची कहाणी. ब्रिटनीच्या उत्तर किनाऱ्यावर असे शेवाळ वाहून नेणारा एक ट्रकचालक २००९ मध्ये कामावर असताना मरण पावला. तो कामावरचा अपघात होता, हे न्यायालयाने मान्य केले ते २०१८ मध्ये. नऊ वर्षे त्याच्या कुटुंबाला एवढ्या एका वाक्यासाठी थांबावे लागले.

कोणी म्हणेल, व्याख्याते वारसास्थळे दाखवावयास निघाले आणि मजुरीचे आकडे सांगत बसले. तर आमचे म्हणणे असे आहे की, हे दोन विषय वेगळे काढता येत नाहीत. लोक्रोनानचा चौक, नेवेचे रान, पोर्झेचे बांध आणि दुआर्ननेच्या टाक्या ही सगळी माणसांच्या कामाची खाती आहेत. त्यांतील चौकाचे खाते तेवढे सोनेरी बांधणीत ठेवले गेले. बांधांचे खाते नांगराखाली गेले आणि कातणाऱ्या बायकांचे तर लिहिलेच गेले नाही. सार्डीन कामगारांचे खाते मात्र जिवंत राहिले, कारण त्यांच्या लेकीनातींनी ते उघडे ठेवले. २०२४ मध्ये संपाची शंभर वर्षे भरली तेव्हा दुआर्ननेने तो दिवस साजरा केला. संघटना नसती तर ह्या बायकांची नावे र्यू मोआलच्या विणकरांच्या नावांसारखीच नाहीशी झाली असती.

म्हणून आपणांस एवढेच विनवावयाचे आहे. उद्या आपण एखादे जुने मंदिर, वाडा, घाट किंवा राई पाहावयास जाल, तेव्हा वाटाड्याला सन आणि शैली अवश्य विचारा. मग आणखी तीन प्रश्न विचारा. हे बांधले कोणी, त्यांना काय मिळाले आणि ते राहत कुठे होते? पहिल्या दिवशी उत्तर मिळणार नाही. पण प्रश्न वारंवार विचारले गेले तर वाटाडा घरी जाऊन म्हाताऱ्यांना विचारील, आणि पुढच्या खेपेस तो आपणांस चौकातून खाली, हौदाकडे घेऊन जाईल.